गल्ली, वाडी, नगर : बेळगावच्या दक्षिणेकडील वस्तीचा अभ्यास

बेळगावचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ल्यापासून सुरुवात करतात आणि किल्ल्यापाशीच थांबतात. वेणुग्राम हे जुने नाव, रट्टांची राजधानी, १२०४ सालची कमल बस्ती, १८१८ साली इंग्रजांनी घेतलेला किल्ला आणि त्यानंतर वसलेला कॅम्प, एवढे झाले की लेख संपतो. शाळेतल्या निबंधाला ते पुरेसे आहे. परंतु वर्गात माझ्या बाकावर बसणाऱ्या चौघांपैकी एक वडगावचा, एक पिरनवाडीचा, एक चन्नम्मानगरचा आणि मी अनगोळचा. किल्ल्याच्या आसपास आमच्यापैकी कोणीच राहत नाही. मग आम्ही राहतो त्या भागाला इतिहास नाही काय, असा प्रश्न सहज मनात आला आणि गेल्या सुट्टीत मी त्याच्या मागे लागलो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, शिलालेख वाचणे माझ्या आवाक्यातले नव्हे. म्हणून मला कळतील अशीच साधने मी घेतली : घरांचे पत्ते, पावत्या, जमिनीचे उतारे, लग्नपत्रिका आणि वयस्कर मंडळींच्या आठवणी.

प्रथम पत्त्यांकडे पाहू. बेळगावात एखाद्याचा पत्ता ऐकला की त्याची वस्ती किती जुनी असेल याचा अंदाज बांधता येतो. 'गल्ली' म्हटली की जुने गाव समजावे. गणपत गल्ली, रामदेव गल्ली, कडोलकर गल्ली, समादेवी गल्ली ही सारी त्या काळची. 'वेस' म्हटली की त्या गावाची कड. काकती वेस, गोवा वेस ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत, फक्त गोवा वेशीतून बाहेर पडावे म्हटले तर बाहेर असे काही उरलेलेच नाही, चहूकडे शहरच आहे. गल्लीनंतर 'वाडी' आली : टिळकवाडी, हिंदवाडी. वाडीनंतर 'नगर' आणि 'कॉलनी' आली आणि आता 'ले-आउट' आणि 'स्कीम' आली आहे. स्कीमला तर नुसता नंबर असतो. गल्लीला माणसाचे किंवा देवाचे नाव, नगराला थोर पुरुषाचे किंवा स्त्रीचे नाव आणि स्कीमला आकडा, असा हा क्रम आहे.

नगरांच्या नावांतही मौज आहे. एकीकडे शाहूनगर, शिवाजीनगर, संभाजीनगर, तर दुसरीकडे महांतेशनगर, अंजनेयनगर, चन्नम्मानगर. पाटी वाचून परका माणूस समजेल की इकडे सगळे मराठी आणि तिकडे सगळे कन्नड. प्रत्यक्षात चन्नम्मानगरातल्या माझ्या मित्राच्या घरी पहाटे अभंग लागतात आणि संभाजीनगरात माझी कन्नडची उजळणी घेणारे निवृत्त मास्तर मूळचे गोकाकचे आहेत. कोणत्या नगराला कोणते नाव मिळाले यावरून फार तर त्या वेळी पुढाकार कोणाचा होता हे कळेल, राहते कोण आहे हे कळणार नाही.

दक्षिणेकडील वस्तीत सर्वांत जुने ठाणे शहापूरचे. आज शहापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये रेघ कोठे आहे हे सांगणे कठीण. पण १९४८ पर्यंत शहापूर हे बेळगावचे उपनगर नव्हतेच, ते सांगली संस्थानचे होते. पटवर्धनांच्या राज्यातले हे गाव सराफ, सावकार आणि विणकर यांच्या जोरावर नांदत होते. शहापुरी साडी ही त्या विणकरांची ओळख आणि वडगाव-खासबागचे माग हा त्याच धंद्याचा विस्तार. रस्त्याच्या एका अंगाला इंग्रजी अंमल आणि दुसऱ्या अंगाला संस्थानी कचेरी, असे दोन कारभार शेजारी शेजारी चालत. शहापुरात आजही 'कचेरी गल्ली' आहे. मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये आपला सारा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. म्हणजे ऐंशी ओलांडलेला शहापुरी माणूस आठ-नऊ वर्षांच्या आत घर न बदलता तीन सरकारांची प्रजा झाला. सीमाप्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तो येथे माझा विषय नाही. पण कागदपत्रांच्या अभ्यासकाला ही गोष्ट टाळता येत नाही. ती कशी, ते पुढे सांगतो.

टिळकवाडीची कथा वेगळी. ती मूळची ठळकवाडी. येथली एक जुनी शाळा ते नाव अजून लावते. लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या नावाचा मान या वस्तीला मिळाला यात नवल नाही. परंतु वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला होता. त्यांच्या कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी हवी झाली आणि नगरपालिकेने ती सोडण्यास सांगितले. औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा ओसाड माळ देऊ केला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. राहत्या घरांसाठी कारखाना बाहेर गेला आणि त्या कारखान्याने दुसरीकडे स्वतःचे गाव वसविले. एका उपनगराच्या जन्माची किंमत बेळगावने केवढी मोजली याचा हिशेब कोणी मांडला आहे की नाही कोण जाणे. मला तरी तो आपल्या शहराच्या आर्थिक इतिहासातला सर्वांत मोठा खर्चाचा आकडा वाटतो.

पुढे १९२४ च्या डिसेंबरात याच बाजूच्या मोकळ्या शेतांत काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी व्यवस्थेची धुरा वाहिली. तंबूंच्या त्या नगराला 'विजयनगर' आणि पाण्यासाठी खणलेल्या विहिरीला 'पंपा सरोवर' अशी नावे दिली होती. अधिवेशन संपले, तंबू निघाले, विहीर राहिली. आज तिच्याशेजारी वीरसौध आहे आणि समोरून काँग्रेस रोड जातो. कोणत्याही वस्तीला आधी पाणी लागते, मग रस्ता, मग नाव. हा क्रम त्या दोन दिवसांच्या नगरालाही चुकला नाही. पुढे शहराला राकसकोपचे पाणी आले, नंतर हिडकलचे आले, आणि २००८ च्या सुमारास काही भागांत चोवीस तास नळ सुरू झाला. जेथे पाणी आधी पोचले तेथे प्लॉट आधी विकले गेले, हे जुन्या मंडळींशी बोलताना वारंवार ऐकावयास मिळाले.

या साऱ्या भागाचा कणा म्हणजे रेल्वे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मीटर गेजचा मार्ग आला आणि त्याने दक्षिणेकडील शिवार उभे चिरले. रूळ ओलांडण्यासाठी फाटके झाली आणि त्या फाटकांनी पुढे वस्तीला पत्ते पुरविले. पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट, तिसरे, चौथे. असे आकड्यांवर चालणारे शहर मी दुसरे पाहिलेले नाही. रिक्षावाल्याला नगराचे नाव सांगितले तर तो विचारात पडतो, 'तिसरं गेट' म्हटले की मीटर पाडतो. (मीटर पाडतो हे बोलण्याची पद्धत म्हणून लिहिले, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) आता तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला आहे, मार्ग ब्रॉडगेज होऊन जमाना झाला, तरी पत्ता गेटाचाच.

तिसऱ्या गेटापलीकडे खानापूर रस्त्यावर उद्यमबाग. किर्लोस्करांना जागा न देणाऱ्या शहराने पुढे कारखानदारीसाठी ही स्वतंत्र वसाहत वसविली. लोखंडाचे ओतकाम, हायड्रॉलिक यंत्रे, मोटारींचे सुटे भाग यांमुळे बेळगावचे नाव देशभर झाले ते येथून. शहराच्या उत्तरेला यमनापूरजवळ १९७० च्या आगेमागे ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना आला, जो आज हिंडाल्कोचा म्हणून ओळखला जातो. फौंड्रीत काम करायला खानापूर, चंदगड, गोकाक, बैलहोंगल अशा सर्व दिशांनी माणसे आली. पगाराच्या दिवशी उद्यमबागच्या हॉटेलात बसावे आणि ऐकावे. वाक्य मराठीत सुरू होते, क्रियापद कन्नडात पडते आणि शिवी हिंदीत. पु. ल. देशपांडे काही काळ येथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी 'गणगोत'मध्ये रावसाहेबांची जी बोली अमर केली तिचे आजचे वंशज पाहायचे तर नाट्यगृहात नव्हे, फौंड्रीच्या दारात पाहावेत. अलीकडे काही उद्योग सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला गेले आहेत. उद्यमबागभोवती घरे दाटली, धूर आणि आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. १९१० सालच्या ठळकवाडीची आठवण व्हावी असेच हे आहे.

आता ज्या गावांवर हे सारे उभे राहिले त्यांच्याकडे वळतो. १९७६ साली बेळगाव नगरपालिकेची महानगरपालिका झाली. अनगोळ, वडगाव, मजगाव, कणबर्गी, बसवन कुडची ही गावे आज तिच्या हद्दीत आहेत, तर हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे ही नकाशावर बाहेर आहेत. नकाशावर म्हणतो, कारण गाडीवरून जाताना हद्द कोठे लागली हे कोणालाही कळत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला अनगोळ म्हणजे टिळकवाडीचा पुढचा भाग वाटतो. तसे वाटण्यात त्याची चूक नाही, मोठ्या रस्त्याने गेल्यास दुकाने, दवाखाने आणि कोचिंग क्लासेस एवढेच दिसते. पण रस्ता सोडून आत वळले की अचानक गल्ल्या सुरू होतात. घरे एकमेकांना टेकून, दारात शेणाने सारवलेली जागा, गोठ्यात म्हैस आणि तिच्या शेजारी मोटारसायकल. उपनगराच्या पोटात गाव जसेच्या तसे बसले आहे, पचलेले नाही. माझी आजी बाजाराला निघाली की आजही 'बेळगावाला जाऊन येतो' असेच म्हणते. महानगरपालिका होऊन पन्नास वर्षे झाली, हे तिला कोणी कळविलेले नाही.

वडगावात हे अधिकच ठळकपणे दिसते. आषाढात मंगाई देवीची यात्रा भरते. यात्रेपूर्वी काही आठवडे 'वार पाळणूक' असते, म्हणजे ठरलेल्या वारी शेतीची कामे बंद. पूर्वी साऱ्या गावाचे शिवार त्या दिवशी निःशब्द असे. आता वडगावच्या हद्दीत राहणाऱ्या पुष्कळांना शेतच नाही. ते वार पाळतात म्हणजे काय करतात, असे मी एका मागवाल्या काकांना विचारले. ते म्हणाले, "शेत न्हाई म्हणून देवी न्हाई होय? मी माग बंद ठेवतो." शेजारच्या कॉलनीत राहणाऱ्या बँकेतल्या बाईंनी मात्र वेगळे सांगितले. त्या मूळच्या बागलकोटच्या. त्यांना वार वगैरे ठाऊक नव्हते, परंतु यात्रेला त्या दरवर्षी ओटी भरायला जातात. ग्रामदेवतेच्या गावात आता ग्राम नसलेले लोकही येऊ लागले आहेत आणि देवीची त्याला हरकत दिसत नाही.

शेत शहर कसे होते, हा प्रश्न मात्र भावनेचा नसून हिशेबाचा आहे आणि तो आम्हा वाणिज्यवाल्यांच्या कक्षेत येतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा एकर झाला ४३,५६० चौरस फुटांचा. ले-आउट पाडताना रस्ते, बाग, सार्वजनिक जागा सोडाव्या लागतात. निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे २४,००० चौरस फूट जागा विक्रीला उरली असे धरू. तीस बाय चाळीसचा प्लॉट १२०० चौरस फुटांचा, म्हणजे वीस प्लॉट झाले. आता केवळ उदाहरणादाखल समजा, शेतकऱ्याला एकरी एक कोट रुपये मिळाले. त्याच्या दृष्टीने तो आकडा प्रचंड. पण चौरस फुटाला हा भाव पडतो सुमारे २३० रुपये. रस्त्याची जागा वजा करून विक्रीयोग्य जागेवर तो चढविला तरी ४१७ रुपये. हाच प्लॉट चौरस फुटाला १२०० रुपयांनी विकला, तर वीस प्लॉटांचे २ कोटी ८८ लाख होतात. गटारे, खडी, विजेचे खांब, कचेरीतल्या चकरा हा खर्च त्यातून वजा करावा, तरी जे उरते त्याला आम्ही पुस्तकात 'नफा' म्हणतो.

यातली खरी मेख मापात आहे. शेतकरी एकरात विकतो आणि गिऱ्हाईक चौरस फुटात घेते. मधला माणूस जमीन बदलत नाही, तिचे माप बदलतो. जे शेतकरी ले-आउटच्या भानगडीत न पडता स्वतःच गुंठा-गुंठा बाँड पेपरवर लिहून देतात, त्यांना माप बदलण्याचा थोडा लाभ मिळतो. पण त्या वस्तीत मग दहा फुटांचा रस्ता, गटार नाही आणि खाते कच्चे, अशी अवस्था होते. घेणारेही बहुधा हातमागवाले, फौंड्रीतले, घरकाम करणाऱ्या बाया, म्हणजे ज्यांना पूर्ण प्लॉट परवडत नाही असे. मोठ्या ले-आउटमधले रहिवासी अशा वस्तीकडे नाक मुरडतात. ते मला पटत नाही. शहराला जी स्वस्त मनगटे लागतात ती राहणार कोठे, याचे उत्तर कोणत्याही स्कीमच्या नंबरात मला सापडले नाही.

आणि शिवार म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगाव या पट्ट्यातला भात, विशेषतः बेळगाव बासमती, एकेकाळी पाहुण्याला पिशवीतून द्यायची वस्तू होती. पावसाळ्यात भात आणि तो कापल्यावर मातीतल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा, भाजी, असे हे दुपिकी रान. त्यातून बळ्ळारी नाला वाहतो. त्याच्या काठची जमीन सखल आणि पाणी धरून ठेवणारी. भाताला हेच हवे असते, घराच्या पायाला नेमके हेच नको असते. नाल्यात शहराचे सांडपाणी येते, गाळ साचतो आणि जोराचा पाऊस झाला की पाणी शिवारात पसरते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत ते घरांतही शिरले. याच शिवारातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, न्यायालयात गेले. बाहेरच्यांना तो रस्त्याविरुद्धचा हट्ट वाटला. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकल्यावर माझे मत असे झाले की बायपासची पट्टी हा त्यांच्या भीतीचा लहानसा भाग होता. रस्ता आला की त्याच्या दोन्ही अंगांनी माप बदलणार, हे त्यांना आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी कळले होते.

आमचे घराणे याच शिवारातले. आजोबांच्या वेळी दोन एकर होते. आत्यांच्या लग्नांत अठरा गुंठे गेले, एक एकर बावीस गुंठे राहिले. शेजारच्या बांधापर्यंत ले-आउटचे दगड आले आहेत. गेल्या वर्षापासून एक एजंट दर महिन्याला चहाला येतो. काकांचे म्हणणे, विकून तिसऱ्या गेटाजवळ दुकान टाकावे. वडिलांचे म्हणणे, तांदूळ विकत घेऊन खायची वेळ आपल्या घरावर कधी आली नाही, ती आणायची नाही. दोघांनीही वरचा हिशेब मला वहीवर मांडायला लावला. काकांनी नफ्याच्या आकड्याखाली रेघ ओढली, वडिलांनी २३० रुपयांच्या आकड्याखाली. सुगी झाल्यावर बसून ठरवायचे असे झाले आहे.

या निमित्ताने आजोबांची पत्र्याची पेटी उघडली गेली आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तोच मोठा लाभ. सर्वांत खालचे कागद मोडीत आहेत. त्यावरचे देवनागरी मराठीत, मुंबई राज्याच्या काळचे. १९५६ नंतरचे हळूहळू कन्नडात. एकाच शेताचे कागद तीन लिप्यांत आहेत आणि ते सगळे वाचू शकेल असा घरात एकही माणूस नाही. आजोबांना मराठी येते, मोडी अडखळत लागते, कन्नड वाचता येत नाही. वडिलांना कन्नड सहीपुरते. मला मराठी आणि कन्नड येते, मोडी येत नाही. मी कन्नड उतारा मोठ्याने वाचून मराठीत सांगायचा, आजोबांनी मोडी कागदावर बोट फिरवीत चतुःसीमा जुळवायच्या, असे आम्ही तीन संध्याकाळी केले. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत. ते अमक्याचे शेत म्हणजे आता एका कॉलनीचे क्रीडांगण आहे आणि ओढा म्हणजे सिमेंटचे गटार. चतुःसीमा मात्र बरोबर जुळल्या.

लग्नपत्रिकांचे साधन त्या मानाने सोपे. आमच्या घरातल्या जुन्या पत्रिकांवर 'मु. पो. अनगोळ, ता. जि. बेळगाव' असे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, त्यानंतरच्या पत्रिकांवर हळूहळू 'मु. पो.' गळते, 'अनगोळ, बेळगाव-६' येते आणि शेवटी 'टिळकवाडी, बेळगाव ५९०००६'. माझ्या थोरल्या चुलतबहिणीच्या पत्रिकेवर अनगोळ हे नावच नाही, फक्त नगर, क्रॉस आणि पिनकोड आहे. छापखान्यात मजकूर कोणी दिला म्हणून विचारले तर तिच्या सासरकडच्यांना पत्ता 'शहरातला' हवा होता असे कळले. एखादे गाव केव्हा उपनगर झाले याची तारीख कोणत्याही सरकारी आदेशापेक्षा अशा पत्रिकांतून अधिक खरी मिळेल असे मला वाटते.

माझ्याजवळ आतापर्यंत अनगोळ आणि वडगावच्या मिळून एकेचाळीस पत्रिका जमल्या आहेत. मजगाव, शहापूर, कणबर्गी, पिरनवाडी येथील एकही नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी १९८० पूर्वीच्या पत्रिका, शेतसाऱ्याच्या पावत्या किंवा घरपट्टीची जुनी बिले असतील, त्यांनी ती मराठी किंवा कन्नड कोणत्याही विभागाच्या संपादकांकडे माझ्या नावाने द्यावीत. भाषा कोणतीही चालेल. उतरवून घेऊन आठवड्याच्या आत परत करीन. मोडी वाचता येणारे कोणी प्राध्यापक किंवा त्यांच्या ओळखीचे गृहस्थ असतील, तर सुगीच्या आत त्यांची भेट झाल्यास आजोबांच्या पेटीतल्या उरलेल्या सात कागदांचा उलगडा होईल.